येस दाबा, पुढे चला

तारापूर एमआयडीसीत उभी हयात काढलेल्या माणसाला धोक्याच्या सूचनेचं काय कौतुक? एका अंगाला 1969 साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, दुसऱ्या अंगाला रसायनांचे कारखाने, अधूनमधून मॉक ड्रिलचा भोंगा. तो वाजला की आम्ही आधी डबा झाकतो. त्यामुळे सकाळी आउटलुक 'सर्टिफिकेटमध्ये गडबड आहे, तरी पुढे जायचं का?' असं विचारतं तेव्हा अख्खं ऑफिस एकदिलाने 'येस' दाबतं. डहाणू लोकलमधून बोईसरला उतरता आलं हेच मुळात पुष्कळ असतं. वाचत कोण बसणार!

वास्तविक त्या खिडकीत वाचायला तीनच ओळी असतात. तहसील कचेरीतला क्लार्क उत्पन्नाचा दाखला बघतो तसं आउटलुक सर्व्हरचं सर्टिफिकेट बघतं: दिलंय कुणी, मुदत आहे का, नाव जुळतंय का. पटलं तिथे हिरवी खूण, नाही पटलं तिथे लाल फुली.

आमच्याकडची फुली बहुतेक नावाची. आमचं मेल भाड्याच्या सर्व्हरवर, सर्टिफिकेट सर्व्हरवाल्याच्या नावाचं, आणि सेटिंगमध्ये मात्र कंपनीचं नाव. सर्व्हरच्या रकान्यात सर्टिफिकेटवरचं नाव टाकलं की मिटलं. पण त्यासाठी पासवर्ड लागतो, आणि तो ठाऊक असलेला इसम वापीला नोकरीला लागलाय.

मग एकदा फक्त डिस्पॅचच्या काकांच्या पीसीवर मुदतीची फुली आली. सगळ्यांकडे आली तर दोष सर्व्हरचा, एकाकडेच आली तर त्या पीसीचा, एवढं आता आम्हाला कळतं. काका व्हायरसवर ठाम होते. आयटीच्या पोराने काही न बोलता पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तारीख होती 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेलेला. रात्री लाईट गेली की पीसी थेट भूतकाळात. त्याच्या लेखी पालघर जिल्हा व्हायला अजून साडेपाच वर्षं होती आणि विरारच्या पुढे लोकल यायची होती. त्याला आजचं सर्टिफिकेट दाखवलं तर तो म्हणणारच, हे अजून लागूच झालेलं नाही! स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, तारीख लावली, फुली गेली. काकांना मात्र वाईट वाटलं. 2009 साली त्यांना रिटायरमेंटला बराच अवकाश होता.

सर्व्हरचीच मुदत संपली ती नेमकी मार्चअखेरीस. नूतनीकरणाची आठवण करून देणारी पत्रं वेळेवर आली होती. वापीवाल्याच्या मेलबॉक्समध्ये.

'दिलंय कुणी' या ओळीपुढची फुली मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. 2011 साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीतच हॅकर शिरले, गुगलच्या नावाने खोटं सर्टिफिकेट काढलं, आणि त्याच्या जोरावर इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. कंपनी दिवाळखोरीत निघाली. हे ऐकून पर्चेसमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग चहा आला.

परवा पोराने नवीन वर्दी दिली. वेबवरच्या सर्टिफिकेटची मुदत टप्प्याटप्प्याने घटणार, मार्च 2029 पासून जास्तीत जास्त 47 दिवस. म्हणजे हे काम आता यंत्रानेच आपोआप केलं पाहिजे, असं तो कळकळीने सांगत होता. अकाउंट्सच्या मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे दर दीड महिन्याने येस दाबायचं. एवढंच ना?"