शेठजी, आमदार व्हा! (नवशिक्यांसाठी)

आधी गल्ल्याची किल्ली धाकट्या भावाकडे द्या आणि लखनौचं तिकीट काढा. रेल्वेचं. दुसरं तिकीट सावकाश मिळतं.

पात्रता फारशी नाही. वय पंचवीस पूर्ण, अनामत दहा हजार, खर्चाची मर्यादा चाळीस लाख. या आकड्यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सरकारला माल पुरवण्याचं कंत्राट चालू असेल तर अर्जाआधी मोकळे व्हा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ त्यासाठीच टपून बसलेलं असतं.

आता गुरू करा. प्रयागराजचे व्यापारी नंदगोपाल गुप्ता ‘नंदी’ अभ्यासाला उत्तम. नावावर जाऊ नका, हा नंदी गुबूगुबू मान डोलावणारा नव्हे. २००७ मध्ये बसपाच्या तिकिटावर अलाहाबाद दक्षिणमधून त्यांनी केशरीनाथ त्रिपाठींना पाडलं. त्रिपाठी म्हणजे उत्तर प्रदेश विधानसभेचे माजी अध्यक्ष! पाठोपाठ मायावतींच्या मंत्रिमंडळात जागा.

इथे पुस्तिका जरा मिटा. १२ जुलै २०१० ला नंदींवर बॉम्बहल्ला झाला. ते जबर जखमी झाले, एक पत्रकार आणि एक अंगरक्षक प्राणाला मुकले. दुकानात फार तर उधारी बुडते.

पक्षांतराचा धडा पायी गिरवा. लखनौच्या मॉल ॲव्हेन्यूवर बसपाचं कार्यालय बारा नंबरला, काँग्रेसचं दहाला. नंदी बसपातून काँग्रेसमध्ये गेले ते असे शेजारीच. रिक्षाचेसुद्धा पैसे पडू नयेत. पण २०१४ च्या लोकसभेत आपटले. निवडून आले भाजपचे श्यामाचरण गुप्ता, ‘श्याम बिडी’वाले. म्हणजे समोरही शेठजीच.

भाजपचं कार्यालय विधान भवनाच्या समोरच. २०१७ च्या निवडणुकीआधी नंदी तिथे पोचले, जिंकले, पुन्हा मंत्री झाले. घरात महापौरपद आधीच होतं, पत्नी अभिलाषा यांच्याकडे. २०२२ पासून तर खातंच औद्योगिक विकासाचं. परवानगीची फाइल घेऊन एके काळी ज्या टेबलासमोर ताटकळायचं, त्याच टेबलामागची खुर्ची!

तुमचा नंबर लागेपर्यंत लखनौच्या लालबागेत शर्माजींकडे कुल्हडमधला चहा, बनमक्खन आणि गोल समोसा घ्या. बिल स्वतः द्या, पण शेजारच्या चौघांचंही द्या. प्रचार तिथूनच सुरू होतो. खादी कडक इस्त्रीची असल्याने समोसा जरा पुढे वाकून खावा. शेजारच्या बाकावर असंच वाकून खाणारे दुसरे शेठजी दिसले, तर मात्र त्यांचं बिल देऊ नका. तेही तिकिटासाठीच आलेत.