मलम नव्हे, मालाम

भाच्याने क्वालालंपूरहून एका पाटीचा फोटो पाठवला. रोमन लिपीत लिहिलेलं, ‘पासार मालाम’. सौ.नी चष्मा कपाळावर सारून निरखून पाहिलं आणि फर्मावलं, “गुडघ्यांसाठी दोन डब्या आणायला सांगा त्याला!”

पासार म्हणजे आपला बाजारच, फारसीतून तिकडे गेलेला. मालाम म्हणजे रात्र. आज या वस्तीत, उद्या त्या, असा भरणारा रात्रीचा आठवडे बाजार. पण मी अडकलो पाटीवरच. निवृत्तीनंतर मला लॅटिनचा नाद लागलाय, आणि हीच पाच अक्षरं तिथेही भेटतात. अर्थ, ‘वाईट’. स्त्रीलिंग, द्वितीया, एकवचन. शाळेत ‘माला माले मालाः’ घोकलेल्या माणसाला शेवटचा ‘म्’ ऐकून गहिवरून येतं. ‘मालाम्’मधल्या ‘म्’चा तो सख्खा चुलतभाऊ.

सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या प्लाउटसच्या प्रहसनांत हे ‘मालाम’ शिवीत सापडतं. ‘ई इन मालाम क्रुकेम’, म्हणजे ‘जा त्या वाईट क्रुसावर’. आपल्याकडचं ‘मसणात जा’. फरक इतकाच, की रोममध्ये गुलामांना खरोखर क्रुसावर चढवत, त्यामुळे ऐकणाऱ्याला ही नुसती तोंडाची वाफ वाटत नसणार. तरी मला कौतुक शिवी देणाऱ्याचं. रागाने लाल झालाय, पण द्वितीया सुटलेली नाही! कारण ‘इन’पुढे द्वितीया आली तर माणूस अजून निघायचाय, विशेषण आणि नाम दोघांचाही ‘म्’ गळून पंचमी झाली, तर स्वारी तिथे पोहोचून लटकलेली. एका ‘म्’वर जीव टांगलेला.

शिवाय पहिला ‘आ’ लांबवला, तर तक्त्यात हेच क्रियापद निघतं: ‘मी अधिक पसंत करीन’. काय, ते विचारू नका.

मलयमधल्या मालामला मात्र ना लिंग, ना विभक्ती. तीन-तीन लिंगं सांभाळणाऱ्या आपल्याला हेवा वाटावा. पण भोळेपणावर जाऊ नका. दोनदा म्हटलं, ‘मालाम-मालाम’, की ‘अनेक रात्री’ होईलच असं नाही. बहुतेकदा होतं ‘एवढ्या रात्रीचं’. पुढचं ‘कुठे निघालात?’ कुठल्याही देशातल्या बायकोच्या तोंडी बसतं. आधी ‘बर्’ लावलं की ‘बर्मालाम’, रात्रीचा मुक्काम. पुढे ‘के’ आणि मागे ‘आन’ लावून केलेलं ‘केमालामान’ म्हणजे वाटेतच रात्रीने गाठणं. एसटी चुकलेल्यांसाठी इतका नेमका शब्द आपल्याकडे हवा होता.

‘मालाम जुमात’चं जेवणाचं आमंत्रण आलं, तर शुक्रवारी रात्री जाऊ नका, भांडी घासून झालेली असतील. ही गुरुवारची रात्र. तिथल्या मुस्लिम रिवाजात सूर्य मावळला की पुढचा वार लागतो.

सगळ्यात घोळ ‘सेमालाम’चा. मलेशियात त्याचा अर्थ ‘काल’, दिवसभरात केव्हाही; इंडोनेशियात ‘काल रात्री’. भाच्याच्या खोलीत एक जोहोरचा आहे आणि एक जकार्ताचा. भाडं ‘सेमालाम’ भरलं, असं जोहोरवाला सांगतो. रात्री तर तू झोपला होतास, असं जकार्तावाला म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोघंही बरोबर आहेत, आणि घरमालक दारात उभा आहे.