वाकडी पाटी, पक्कं कुलूप

बेळगावात हल्ली सिग्नलला थांबलं की वाहनचालकांच्या माना डावीकडे कलतात. हा मणक्याचा विकार नव्हे. पुढच्या मोटारीच्या बंपरावर शासनमान्य अतिसुरक्षित नंबर प्लेट बसवलेली असते, ती तिरकी असते आणि तिच्यावरचा ‘केए २२’ सरळ वाचायचा तर वाचणाऱ्यानं वाकडं व्हावं लागतं. निपाणीकडे ‘केए २३’ला हाच त्रास, फक्त तिथं माना उजवीकडे कलतात म्हणे. तिथला बसवणारा पोरगा डावखुरा असावा.

पाटीला नावं ठेवायला मात्र जागा नाही. एक मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, मोटारीसाठी ५०० बाय १२० मिलीमीटर. कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, वीस बाय वीस. खाली लेझरनं कोरलेला कायमचा क्रमांक. अक्षरांवर बारीक ‘इंडिया’ छापलेलं, तेही पंचेचाळीस अंशांत. त्या पंचेचाळीसात कुणी एका अंशाची चूक केलेली नाही. सगळी चूक बंपरासाठी राखून ठेवली.

आणि मग ते लॉक. स्नॅप लॉक म्हणतात त्याला. एकदा ‘टक्क’ झालं की निघत नाही. काढायचं तर फोडायचं आणि फोडलं तर पुन्हा वापरता येत नाही. चोरानं पाटी बदलू नये म्हणून ही योजना, आणि चोराची खरंच पंचाईत झाली असेल. पण तिरकी बसलेली पाटी सरळ करायलाही तेच लॉक आडवं येतं. पूर्वी पाटी वाकडी झाली तर आपण घरून स्क्रू ड्रायव्हर आणून दोन पीळ देत होतो. आता पाटी सरळ करायची तर लॉक फोडा, अर्ज करा, पैसे भरा, तारीख घ्या, पुन्हा त्याच पोराकडे जा. तो पुन्हा त्याच डोळ्यानं अंदाज घेणार. वाकडेपणा आधीही होता. त्याला कुलूप लावून दिलं ते आता.

बरं, हे घडतं कुठं? ज्या गावात उद्यमबाग आहे तिथं. फाउंड्रीतून निघालेली कास्टिंगं लेथवर चढवून मायक्रॉनचा हिशेब करणारी माणसं इथं गल्लोगल्ली राहतात. त्यांनी बनवलेला भाग सुतभर चुकला तर माल परत येतो. तोच माणूस सुट्टी काढून स्वतःची गाडी घेऊन रांगेत उभा राहतो, आणि समोरचा पोरगा ड्रिल मशीन हातात घेऊन, एक डोळा मिटून, मोबाइल खांद्यात धरून बंपराला भोक पाडतो. ‘‘वाकडी झाली की रे,’’ म्हटलं तर उत्तर तयार: ‘‘काका, पाटी सरळच हाय, खरं तुमचा बंपरच वाकडा हाय.’’

वडगावातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे उत्तर मनाला लावून घेतलं. शेजारी घर बांधायचं काम चालू होतं, तिथला गवंडी त्यांनी पाणसळीसकट आणला. गवंड्यानं पाणसळ पाटीवर ठेवली, बुडबुडा डावीकडे पळाला. बंपरावर ठेवली, तिथंही पळाला. तेव्हा गवंडी म्हणाला, बंपराचा दोष न्हाई, गाडी उभी हाय ती जागाच उताराची. गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली. पण तो रस्ता आधी गटारीसाठी खणलेला, मग पाण्याच्या पाइपासाठी, मग केबलसाठी, आणि प्रत्येकानं आपापल्या समजुतीनं बुजवलेला. चार चाकं चार उंचींवर. मग हायवे बरा, म्हणून मंडळी निपाणीच्या दिशेनं निघाली. सपाट जागा शोधत शोधत तवंदीचा घाट उतरली, निपाणी मागं पडली आणि कोगनोळीच्या नाक्याजवळ एकदाचा बुडबुडा मधोमध आला. पण तिथं पाणसळ लावून, दोरी ताणून, वाकून बघणारी दोन माणसं दिसल्यावर अलीकडच्या पोलिसाला वाटलं महाराष्ट्राचे लोक हद्द मोजतायत आणि पलीकडच्याला वाटलं कर्नाटकानं मोजणी सुरू केली. दोघांनीही आधी गाडीची पाटी बघितली. दोघांनीही मान कलती केली. गवंड्यानं पाणसळ पिशवीत टाकली आणि म्हणाला, ‘‘छप्पन्न साली ही हद्द आखली, तवाबी कुणी पाणसळ आणली नव्हती. बसलीया तशी बसलीया.’’

यावर हसायला हरकत नाही. माझं हसू तारखांपाशी संपतं. आमच्याकडे ही पाटी बसवून घ्यायची पहिली शेवटची तारीख होती १७ नोव्हेंबर २०२३. दंडाच्या भीतीनं जे घाबरले ते रांगेत उभे राहिले, पैसे भरले, भोकं पाडून घेतली. मग शेवटची तारीख झाली १७ फेब्रुवारी २०२४, मग ३१ मे, मग १५ सप्टेंबर, आणि तिथूनही पुढं. पलीकडे कागलात ३१ मार्च २०२५ सांगितली आणि तीही पुढंच सरकत गेली. दोन राज्यांचं एकमत होणारा हा एकच विषय निघाला. कायदा पाळणाऱ्याची गाडी वाकडी पाटी मिरवत फिरते आणि न पाळणारा जुन्या, सरळ, स्वच्छ पाटीनं तिला ओव्हरटेक करून जातो.

आणि अतिसुरक्षित म्हणजे सुरक्षित नेमकं काय? सीमावाद पेटला तेव्हा ६ डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. दगड मारणाऱ्यांनी ड्रायव्हरला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, तो कुठली भाषा बोलतो हेही नाही. ‘एमएच’ वाचलं आणि मारला. तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं, तेही पाटी वाचूनच. फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा तोच तमाशा, पुन्हा एसट्या बंद, आणि निपाणीहून कोल्हापूरला दवाखान्यात जाणारी म्हातारी स्टँडवर बसून. होलोग्राम आहे, लेझर आहे, लॉक आहे. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडणाऱ्या काचेची सोय मात्र त्यात कुठंच नाही. दगड पडतो त्या दिवशी पाटी शाबूत राहते, कारण ती निघतच नाही. एरवी तोच ड्रायव्हर जुनी पाटी दोन पीळ देऊन सीटखाली टाकून तरी घरी आला असता. आमच्या निम्म्या घरांत एक गाडी ‘केए’, एक ‘एमएच’. पोरगा कोल्हापुरात नोकरीला, बाप निपाणीत. बारा महिन्यांहून जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नवा नंबर घ्या, असं कायदा सांगतो. घर चाळीस किलोमीटरवर आहे, ते कायद्याला परराज्य वाटतं.

पाटी बसवून निघालं की रस्त्याच्या पलीकडेच फ्रेमवाला बसलेला असतो. प्लॅस्टिकची चौकट, पाटीवरून दाबली की बसते, ओढली की निघते. लेझरचा क्रमांक तिच्याखाली झाकला जातो, म्हणजे ती बेकायदाच. पण बसते मात्र अगदी सरळ, त्यामुळे धंदा जोरात. खालच्या पट्टीवर मजकूर छापून मिळतो. ‘जय शिवराय’ आहे, ‘जय कर्नाटका’ही आहे. गिऱ्हाईक घुटमळलं की तो फार खोलात शिरत नाही.

‘‘जाताय कुठं काका, कोल्हापूर का हुबळी?’’

‘‘दोन्हीकडं जावं लागतं की.’’

‘‘मग दोन्ही घ्या. जोडीला वीस रुपये कमी करतो.’’