लव्हाळ्याच्या भावकीला स्फटिकाचा बंगला

सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागच्या शिवारात लव्हाळा खुरपायला माणूस मिळत नाही. पॅरिसात मात्र त्याच्या भावकीला राहायला स्फटिकाचा बंगला मिळतो. नागरमोथा हा लव्हाळ्याच्याच कुळातला. त्याच्या गड्ड्यांचं तेल ‘सिप्रिऑल’ असं नाव लावून महागड्या परफ्यूममध्ये जातं. बांधावर ज्याला तण म्हणून शिव्या बसतात, त्याला तिकडं ‘वुडी नोट’ म्हणतात.

हिरव्या वासाची कुळकथाही अशीच. अत्तरकार जेर्मेन सेलिए यांनी १९४७ साली बालमॅं या फ्रेंच फॅशनघरासाठी ‘व्हाँ व्हेर’ हे परफ्यूम केलं, त्यात गाल्बानम नावाचा डिंक सढळ हातानं घातला. हा डिंक म्हणजे हिंगाची चुलत बहीण. एक वरणाच्या फोडणीत राहिली, दुसरी चांगल्या घरात पडली.

वाळ्याचंही तेच. गेर्लँ या फ्रेंच अत्तरघरानं १९५९ साली वाळ्याचं परफ्यूम काढलं, नाव ‘व्हेतिव्हेर’. शब्द मुळात तमिळ, तोरा फ्रेंच. आपल्याकडं वाळ्याची जुडी माठात पडते आणि उन्हाळाभर फुकट काम करते.

मग तिकडं काही परफ्यूमना लाखाच्या पुढचे पैसे पडतात, ते कशाचे? बाटलीचे! १९०८च्या सुमारास फ्रान्स्वा कोटी या अत्तरवाल्यानं (आडनावातच हिशेब आहे) शेजारच्या दुकानातले जवाहिरे रने लालिक यांना हाताशी धरलं आणि वासाला अंगडं-टोपडं चढलं. लालिकचं घराणं आजही मोजक्या स्फटिकाच्या कुप्या काढतं. प्रत्येकीवर नंबर. नंबरचं अप्रूप वैरागला नको सांगायला. इथं गट नंबरावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात.

‘मर्यादित आवृत्ती’चंही तसंच. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या सरीनंतर मातीला सुटणारा वास इथं कायमच मर्यादित आवृत्तीत निघतो. पुनर्मुद्रणाची खात्री नाही.

खरी गंमत पुढंच आहे. संग्राहकांच्या बाजारात सील न फोडलेल्या बाटलीला जास्त भाव. म्हणजे वासासाठी घ्यायची आणि वास घ्यायचा नाही. जत्रेतला अत्तरवाला हे ऐकून पेटी गुंडाळेल. तो आधी मनगटावर काडी टेकवतो, कानाच्या पाळीत फाया खोचतो, मग भावाचं बोलतो. पंढरपूरच्या बुक्क्यात हाच नागरमोथा, हाच वाळा, जोडीला कचोरा. तो कागदाच्या पुडीत मिळतो आणि कपाळाला लागल्याशिवाय त्याला किंमत नाही.

अशी एखादी कुपी चुकून वैरागच्या घरात आलीच, तर आजी पहिल्यांदा बूच उपटेल. नाकाशी धरून म्हणेल, “आरं, ह्यो तर लव्हाळा हाय!” आतलं नातवाच्या सदऱ्यावर शिंपडून संपेल. मग बाटली राखेनं घासून उन्हात पालथी घातली जाईल आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात खोबरेल भरलेलं असेल. तळाचा नंबर तेवढा शाबूत.