यार्देनकाठी अकोल्याची आत्या

प्रॉटेस्टंट माणसाला तीर्थक्षेत्र नसतं. निदान पुस्तकात तरी नसतं. देव सगळीकडे सारखाच हजर, मग त्याला गाठायला रिझर्व्हेशन कशाला, असा सरळ हिशेब. मार्टिन ल्यूथरने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून जे लिहिलं, त्यात रोमच्या यात्रा बंद करा असं बजावून ठेवलं आहे. अर्थात त्याआधी दहाएक वर्षं तो स्वतः रोमला जाऊन आला होता आणि तिथला पवित्र जिना आजोबांच्या आत्म्यासाठी गुडघ्यांवर चढला होता. आधी आपण जाऊन यायचं आणि मग लोकांना ‘काही नाही हो तिथं’ म्हणून सांगायचं, ही रीत चारधाम करून आलेल्या आमच्या गल्लीतल्या मंडळींनाही चांगली अवगत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे अमेरिकन मिशनरी अकोला-खामगाव भागात आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी सांभाळली, आणि अशाच कुणाच्या तरी वंशावळीत आम्ही येतो. त्यांनी आमच्या पणज्यांना मूर्ती नको, मुहूर्त नको, तीर्थ नको, सगळं नीट शिकवलं. फक्त शाळा वऱ्हाडात काढली, तिथं गणित चुकलं. इकडे शेगाव, तिकडे कारंजा, डोंगरात मुक्तागिरी, वर्धेच्या काठी रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर. दर गुरुवारी निम्मी गल्ली शेगावच्या गाडीत बसलेली. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कुठंच जायचं नसलं, की त्याची त्यालाच लाज वाटू लागते.

आमच्या आत्याला ती बरीच वर्षं वाटत असावी. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबलेली ही बाई. भावनेला इंजेक्शनच्या सुईइतकीच जागा देणारी. ती एका रविवारी उपासनेहून आली आणि पायातली चप्पल काढता काढता म्हणाली, “मी येरुशलेमले चालली.” मंडळीतल्या काही जणी, एक पाळकसाहेब आणि एक टूरवाला असा बेत होता. “यात्रा नाही हं,” ती मला म्हणाली, “पवित्र शास्त्रातल्या जागा पाह्याच्या. अभ्यास म्हणून.”

गल्लीला हे पटलं नाही. बाई म्हातारपणी सामान बांधून देवाच्या गावाला निघाली, तर त्याला काय म्हणतात हे गल्लीला ठाऊक होतं. लाडवांचे डबे आले. कुणी अमृतांजन दिलं. समोरच्या काकू ओटीचं सामान घेऊन आल्या आणि मग ख्रिश्चनांत चालतं की नाही या शंकेने नुसता नारळ देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “आत्याबाई, येवढ्या दूर जाऊन रायल्या, तं थोडसं पाणी आणसान तिथलं. देवघरात ठेवतो.” आत्याने त्यांना समजावलं की यार्देन नदीचं पाणी हे इतर पाण्यासारखंच पाणी, त्यात काही नसतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रिकामी बाटली पुढं केली.

आत्याला मी तेव्हा एगेरियाबद्दल सांगायला हवं होतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपातून निघालेली ही बाई सिनाय पर्वत चढली, येरुशलेमला राहिली आणि बघितलेलं सगळं घरच्या भगिनींना पत्रात कळवत गेली. त्या पत्राचा जेवढा भाग टिकला तो १८८४ साली इटलीतल्या अरेझ्झोला एका हस्तलिखितात सापडला. सिनायवर पूजाविधी झाल्यावर तिथल्या साधूंनी तिला त्याच डोंगरावरची फळं हातावर ठेवली, असं ती आनंदाने लिहिते. तिचा मला सर्वांत आवडता तपशील मात्र वेगळा आहे. उत्तम शुक्रवारी येरुशलेमला क्रुसाचं लाकूड लोकांना चुंबनासाठी ठेवत. त्याच्या दोन्ही बाजूंना सेवक कडक पहारा देत उभे असत, कारण मागं कधीतरी कुणा भाविकाने चुंबन घेता घेता लाकडाचा लचकाच तोडून पळवला होता! दातांनी. पुढं सन ५७०च्या सुमाराला इटलीतल्या प्याचेन्झाहून गेलेला एक यात्रेकरू लिहितो, की काना गावी, जिथं पाण्याचा द्राक्षारस झाला, तिथल्या बैठकीवर मी आईवडिलांची नावं लिहून आलो. नरनाळा किल्ल्याच्या भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना आपण उगाच आजकालची पिढी म्हणतो. याच प्रवाशाच्या सांगण्याप्रमाणे अलेक्झांड्रियाचे नावाडी यार्देनचं पाणी भरून नेत आणि जहाजांवर शिंपडत. समोरच्या काकूंची बाटली त्या रांगेत खपून गेली असती.

आत्या परत आली ती तक्रारी घेऊन. यार्देनबद्दल तिची लहानपणापासूनची समजूत अशी, की ती पूर आलेल्या पूर्णेसारखी असणार. इस्राएल लोकांना तिच्यातून पार व्हायला चमत्कार लागला होता ना! प्रत्यक्षात यरीहोजवळ बाप्तिस्म्याच्या घाटावर उभं राहिलं, तर मातकट पाण्याचा हातभर ओहोळ आणि पलीकडच्या काठावर जॉर्डन देशाचे शिपाई. “मायबाई! हे तं आपल्या मोर्णेयेवढी बी नाही,” ती म्हणाली. मोर्णा आमची गावनदी. जलकुंभीने गळा आवळलेली ही नदी २०१८ साली अकोलेकरांनी हजारोंच्या संख्येने उतरून साफ केली होती आणि थेट पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये तिचं नाव आलं होतं. त्यामुळं आत्याच्या तोंडी ही तुलना यार्देनला बरीच मानाची होती.

मृत समुद्राने तर तिचा अपमानच केला. समुद्रसपाटीच्या सव्वाचारशे मीटरहूनही खाली, माणूस आपोआप तरंगतो, जगभरचे लोक अंगाला चिखल फासून घेतात. टूरवाला मोठ्या हौसेने सांगत होता. आमचं आजोळ पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट. गोड पाण्याच्या एका गुंडासाठी बायांनी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केलेली. “खाऱ्या पाण्यात आंग धुवासाठी पैसे भरू मी? दहीहंड्याले नसती गेली का?” आत्या काठावर पिशवी सांभाळत बसून राहिली. गालील समुद्रावर पेत्राचा मासा म्हणून जो ताटात आला, तो तिलापिया निघाला, आणि त्याचे तिथले दर तिने अजून कुणालाही पूर्ण सांगितलेले नाहीत.

मग तिला आवडलं काय? येरुशलेमचं पुनरुत्थानाचं मंदिर, आणि त्यातही तिथलं भांडण. ज्या जागी येशूला पुरलं असं मानतात, त्या चर्चवर सहा पंथांचा हक्क आहे: ग्रीक, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाई, इथिओपियन. कुणी कुठं झाडायचं, कुठला दिवा कुणाचा, प्रार्थना कुणी किती वाजता करायची, हे ठरलेलं आहे आणि १८५२च्या तुर्की फर्मानापासून त्यात रेसभर बदल करायची सोय नाही. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. ती निदान अठराव्या शतकापासून तिथंच टेकलेली आहे, कारण ती हलवायची तर सगळ्यांची संमती लागते. दाराच्या किल्ल्या शतकानुशतकं एका मुसलमान घराण्याकडे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. हे ऐकून आत्या पहिल्यांदा त्या प्रवासात घरी आल्यासारखी झाली. वऱ्हाडात सख्खे भाऊ धुऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात आणि धुऱ्यावरचं बाभळीचं झाड मात्र जिथल्या तिथं उभं असतं. ही शिडी म्हणजे तेच झाड. “येवढे भांडतात,” ती म्हणाली, “म्हंजे जागा खरी आसंन.” पुराणवस्तू संशोधकांनी याच निष्कर्षासाठी बरंच खोदकाम केलं आहे.

प्रॉटेस्टंट माणसाचं जागांशी जमत नाही म्हणतात, तेव्हा मला आमच्याच वऱ्हाडातलं, अमरावती जिल्ह्यातलं महानुभाव पंथाचं रिद्धपूर आठवतं. महानुभावही असेच कडक. परमेश्वराखेरीज कुणाला नमस्कार नाही. पण चक्रधरस्वामी कुठं बसले, कुठं जेवले, कुठं निजले, त्या प्रत्येक ठिकाणी ओटा. स्थानपोथी नावाच्या जुन्या मराठी ग्रंथात गावोगावच्या या जागा दिशा-दारांसकट टिपलेल्या आहेत. एगेरियाच्या हाती ती पडती, तर तिने सख्ख्या बहिणीसारखी जवळ केली असती. आपला देव माणूस होऊन फिरला असं एकदा मानलं, की तो फिरला ती माती पाहायची ओढ पुस्तकातल्या नियमाला ऐकत नाही.

आणि काही तीर्थांना तर ओटाही नाही. १८९३च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नाशिकहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. गाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. दोन वर्षांत, १८९५च्या फेब्रुवारीत, टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत राहिले. नागपूरकडे जाणारी ती गाडी भुसावळ ओलांडल्यावर शेगाव, अकोला, बडनेरा करतच पुढं जाते. त्या वेळी शेगावात गजानन महाराज हयात होते. आत्याच्या मंडळीत दर रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून टिळकांची पदं म्हटली जातात. पण अकोल्याच्या फलाटावर त्याबद्दल साधी पाटी नाही. तिथं उकडलेल्या शेंगा मात्र चांगल्या मिळतात.

गल्लीने अखेर आत्याकडून मावंदं वसूल केलंच. आत्याने त्याला आभारप्रार्थना म्हटलं, पाळकसाहेबांना बोलावलं, एक स्तोत्र वाचून घेतलं. त्यानंतर अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले गेले, वांग्याची भाजी आणि वरण झालं, आणि वाढप सुरू झाल्यावर कोणाचा कार्यक्रम कुठल्या धर्माचा याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. समोरच्या काकूंना बाटली मिळाली. पाणी गढूळ होतं. काकूंनी ते वस्त्रगाळ करून घेतलं. आत्याने पुन्हा एकदा सांगितलं, की यात काही नसतं. मग हळूच स्वतःच्या बॅगेतली दुसरी बाटली मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

जेवणं उरकल्यावर काकूंनी खरी चौकशी सुरू केली. रांग किती तास लागते? चप्पल ठेवायला जागा आहे का? सेवेकरी धक्काबुक्की करतात का? आणि शेवटी, “रायाची सोय कशी हाय वो तिथं?”

आत्याने खूप विचार केला. दोन हजार वर्षांची पुण्याई एका पारड्यात टाकून पाहिली.

“बरी हाय,” ती म्हणाली. “पण शेगावसारखी नाही.”