व्हाया कुंभकोणम

तीस वर्षं मी बँकेत लोकांचे फॉर्म परत केले. कुणाची सही हलली, कुणी आडनाव आधी लिहिलं, कुणी रकाना सोडून समासात मजकूर घातला. परत करताना चष्मा नाकावर खाली ओढून अर्जदाराकडे असं बघायचो की पुढच्या वेळी तो शेजारच्या खिडकीवर जायचा. म्हणून कुंभकोणमच्या लॉजवर लेकीचा न्यू जर्सीहून फोन आला, ‘बाबा, चेन्नईच्या तारखा सुटल्यात, मुंबईत पाचशे दिवस थांबायला नको. फॉर्म भरल्याशिवाय तारीख मिळत नाही, मी इथून भरते,’ तेव्हा मी तिला म्हटलं, ‘तू झोप. फॉर्म काय असतो ते मला शिकवू नकोस.’

हे 2023 च्या सुरुवातीचं. त्या दिवसांत अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा मागायला आपली माणसं थेट बँकॉकला जात होती, कारण तिथे दोन आठवड्यांत नंबर लागायचा. मीही तो विषय घरात काढून पाहिला होता. ‘बँकॉकला कशाला गेला होतात, या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्ही सांगितलंत तरी सोसायटीत कुणाला पटेल का?’ असं बायकोने विचारलं आणि विषय मिटला. त्यापेक्षा नवग्रहांची यात्रा बरी, असं ठरून आम्ही कुंभकोणमला आलो होतो. पाच ग्रह झाले होते. राहू बाकी होता. तिरुनागेश्वरमला त्याच्या मूर्तीवर दूध ओतलं की निळसर दिसतं म्हणतात, आणि परदेशगमन राहूच्याच अखत्यारीत येतं, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. तिने मला बजावलं, ‘आधी राहू, मग फॉर्म.’ मी आधी फॉर्म उघडला.

त्या फॉर्मला वीस मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप मिटतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते एकविसाव्या मिनिटाला. दोष माझाच. ‘तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय?’ असा प्रश्न आला. खरंच येतो. टोळी म्हटल्यावर बँकेतली आमची युनियन आठवली, पण कुळ म्हटल्यावर मी भावुक झालो. गोत्र लिहावं की कुलस्वामी, हे विचारायला थोरल्या बंधूंना फोन लावला. त्यांनी जेजुरीपासून सुरुवात केली. ते परत आमच्या वाड्यापाशी येईपर्यंत पडद्यावर काही उरलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला, ‘तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला आहे काय?’ इथे लॉजचा मुलगा डिग्री कॉफी घेऊन आला. पितळी डवऱ्यातली कॉफी टंबलरमध्ये, टंबलरमधली डवऱ्यात, अशी हातभर उंचीवरून ओतून फेसाळती कॉफी त्याने पुढे ठेवली. अशा कॉफीसमोर वंशसंहाराला नुसतं ‘नाही’ म्हणून पुढे जाणं मला प्रशस्त वाटलं नाही. कॉफी संपली, फॉर्मही मिटला.

तिसऱ्या खेपेनंतर मी हवा खायला बाहेर पडलो, तो थेट सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर. तिथे गणिती रामानुजनांचं घर आहे. कौलारू, बुटकं, पुढे ओटा, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. पाटीवर गणितं करायची आणि फडकं शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून कोपरानेच पुसायची, ते हे घर. आता मी विषयांतर करणार आहे आणि ते मला आवरणार नाही, कारण त्यात माझं गाव येतं.

रामानुजन 17 मार्च 1914 रोजी मद्रासहून विलायतेला निघाले. व्हिसा नाही, मुलाखत नाही, बँकेचं स्टेटमेंट नाही. भारतात पासपोर्टाचा कायदा झाला तोच 1920 साली. त्यांचा दूतावास म्हणजे त्यांची आई. समुद्र ओलांडायचा नाही, हा तिथला नियम. नामक्कलची नामगिरी देवी आईच्या स्वप्नात आली, मुलाच्या आड येऊ नकोस म्हणाली, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली, असं सांगतात. आणि ज्या बोटीने ते गेले तिचं नाव होतं ‘नेवासा’.

नेवासा! प्रवरेकाठचं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते. आणि, आता सांगायलाच हवं, जिथे माझा जन्म झाला ते. आमच्या प्रवरेत म्हशीखेरीज काही तरंगलेलं मी पाहिलेलं नाही. ब्रिटिश कंपनीला नाव ठेवताना आमचंच गाव डोळ्यांसमोर होतं का, या शंकेत मी शिरत नाही. चरित्रात ते नाव वाचल्यापासून विसाव्या शतकातलं अर्धं गणित आमच्या तालुक्याने विलायतेला पोचवलं, अशी माझी धारणा झाली आहे. ओट्याजवळ उभ्या असलेल्या एका शांत गृहस्थांना मी ती इंग्रजीतून, हातवाऱ्यांसह सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल तिकडे काढा म्हणून खूण केली.

लॉजवर परतलो तर बायको खाटेवर रेशमी परकर-पोलकं उलगडून बसली होती. जांभळा रंग, हिरवा काठ. नात चौदा महिन्यांची आणि पोलकं चांगलं मोठं. मी खेकसलो, ‘हे तिला कसं बसेल?’

‘तीन वर्षांचं घेतलंय,’ ती म्हणाली. ‘व्हिसा मिळेपर्यंत होईल तेवढी.’

ती चेष्टा करत नव्हती. नात झाली तेव्हा तिने जुन्या मऊ साडीचं झबलं शिवलं होतं. ते कपाटातच लहान झालं. मग सहा महिन्यांच्या मापाचं शिवलं, तेही तिथेच राहिलं. आता ती अंदाज करायचं सोडून पुढेच जाऊन थांबली होती. पुन्हा फॉर्म उघडला तर अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकांची यादी समोर आली: नवरा-बायको, वाग्दत्त वर-वधू, मुलं, भावंडं. नात त्या यादीत बसत नाही. जिच्यासाठी जायचं तिलाच रकाना नाही! आणि हे सगळं कशासाठी, तर आम्ही परत येऊ याची खात्री पटावी म्हणून. घराचे कागद, पेन्शनचे कागद, परतायला कारण आहे याचा पुरावा. तिकडे लेक आहे, नात आहे, ही तिथे जायची कारणं नव्हेत, संशयाची कारणं. रामानुजन पाच वर्षांनी, 1919 साली, परतले. मुंबई बंदरावर आई घ्यायला आली होती. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले, बत्तीस वर्षांचे होऊन. परत येईन याचा पुरावा त्यांच्याकडे कुणी मागितला नव्हता. मी फॉर्म आपणच बंद केला. या खेपेला वीस मिनिटं व्हायची होती.

रात्री बायकोने परस्पर लॉजच्या मॅनेजरांना बोलावून आणलं. तंजावरकडचे राव. व्यंकोजीराजांच्या मागून आलेल्या घराण्यांपैकी. घरात अजून मराठी बोलतात, आणि ती अशी की समोर बखरच खुर्ची ओढून बसल्यासारखी वाटते. आल्या दिवशी मी त्यांना मराठ्यांनी तंजावरवर किती वर्षं राज्य केलं ते ऐकवलं होतं, आणि त्यांनी ‘हो का?’ म्हणत ऐकून घेतलं होतं. आता कळलं की त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये आहे, दहा वर्षांचा व्हिसा त्यांच्या पासपोर्टात आहे आणि चार फेऱ्या झाल्या आहेत. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. तीस वर्षं ती माझीच होती.

‘कुळ आहे म्हणावं की नाही?’ मी घाईने विचारलं.

‘नाही.’

‘पण आमचं...’

‘नाही म्हणा, साहेब.’

वंशसंहार, दहशतवाद, अवयवांची चोरी, सगळ्याला त्यांनी माझ्या वतीने भराभर ‘नाही’ दिलं. मुक्काम किती, या प्रश्नाला मी म्हटलं सहा महिने, बायको म्हणाली सहा आठवडे, लोणच्याच्या कैऱ्या यायच्या आत परतायचंय. त्यांनी बायकोचं लिहिलं. शेवटी सगळं तपासत वर आले आणि जन्मगावाच्या रकान्यापाशी थांबले. ते मी सकाळीच, पहिल्या खेपेला, सेव्ह करून ठेवलं होतं. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं. मग प्रथमच माझ्याकडे जरा आदराने बघत विचारलं,

‘साहेब, तुमचा जन्म बोटीवर झाला?’