वकिलाची गावपळण : विधी आणि निषेध

सिंधुदुर्गातील आचऱ्याच्या श्रीदेव रामेश्वराचा कौल मिळाला की साऱ्या गावाने गुराढोरांसह, कुत्र्याकोंबड्यांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाण्याची जी प्रथा दर काही वर्षांनी पाळली जाते, तिला गावपळण म्हणतात. मालवणच्या कोर्टात वकिली करणारा आचरेकर मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जातो, तेव्हा तोही एक गावपळणच करतो. मात्र तिचे शास्त्र कोणी लिहिलेले नसल्याने ते येथे क्रमवार मांडले आहे.

पहिला विधी कौलाचा. वकीलपत्र, म्हणजे अशिलाने वकिलास दिलेला लेखी अधिकार, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार न्यायालयाच्या परवानगीने लेखी संपुष्टात येईपर्यंत, दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत किंवा त्या अशिलापुरते कामकाज संपेपर्यंत चालू राहते. सातबाऱ्यावर चाळीस हिस्सेदार असलेल्या वाटणीच्या दाव्यात या तिन्हींपैकी मृत्यूच आधी घडण्याचा संभव असल्याने परवानगीचा अर्ज करणे हिताचे.

दुसरा विधी हिशेबाचा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी पूर्वसूचनेशिवाय सोडता येत नाही, व सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. मात्र फीपोटी आलेले आणि यथावकाश खाल्लेले सुके बांगडे कसे परत करावेत, याविषयी नियम मौन पाळतात.

तिसरा विधी कालगणनेचा. फर्ममधील असोसिएट, म्हणजे भागीदारांच्या हाताखालचा वकील, आपल्या दिवसाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोणत्या अशिलाच्या बिलात जाणार हे टाइमशीटवर नोंदवतो. आचऱ्याचा अशील ओटीवर बसून प्रथम पावसाविषयी, नंतर आंब्याच्या मोहोराविषयी, नंतर चुलत्याच्या दुखण्याविषयी बोलतो आणि जाताना, चपला पायात सरकवत, शेजाऱ्याने हद्दीचा गडगा दोन हात आत घेतल्याचे सांगतो. यांतील शेवटचे वाक्य तेवढे बिलात बसते; दाव्याचे मूळ बहुधा चुलत्याच्या दुखण्यात असते, पण टाइमशीटला तसा रकाना नाही.

चौथा विधी नामांतराचा. जमिनीच्या खरेदीपूर्वी तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, चाळण्याला फर्ममध्ये ड्यू डिलिजन्स म्हणतात. काम तेच असल्याने घाबरू नये आणि बिल वेगळे असल्याने हसू नये. कुळाचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याचा, कूळपणा ठरवणारे १९४८ च्या कूळ कायद्यातील कलम ७० (ब) पाठ असल्याचे मात्र मुलाखतीत आपणहून सांगू नये.

निषेध एकच. ‘हायकोर्टात गेलो की गावाचीच अपिले चालवीन’ असे वचन निरोपाच्या वेळी देण्याची चाल आता बंद ठेवावी, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची अपिले मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या तेथील फिरत्या खंडपीठापुढे, चालतात आणि अशिलांना हे वकिलाआधी कळलेले असते.

गावपळणीत परतण्यासाठीही कौल घ्यावा लागतो आणि तो न मिळाल्यास मुक्काम वाढतो. वकिलाचा मुक्काम कौलाविनाच वाढत जात असल्याने, आणि तारखेला कोणी उभे न राहिल्यास दावा गैरहजेरीत निकाली निघत असल्याने, कोकणकन्या एक्सप्रेसचे तिकीट काढण्यापूर्वी तारखांची डायरी व फायली मालवणातल्याच एखाद्या वकिलाच्या हाती, अशिलाला समोर बसवून, सोपवाव्यात.